पूररेषा

दारव्ह्याच्या आसपास कागदावर सात पूल.
गावाच्या हिशेबात नऊ,
कारण दोन मोऱ्यांनाही आम्ही पूलच म्हणायचो,
वाकून खालून जाता यायचं एवढ्यासाठी.

एक जिनिंगमागचा, तीन कमानींचा,
दगड काळा, चुना अजून पांढरा.
एक म्हशींचा;
बारा ते चार त्याच्या सावलीत
कुणाच्याही म्हशी बसत.
एक नुसताच सव्वीस नंबर,
त्याला नाव पडलंच नाही.
आणि अडाणेवरचा मोठा, लोखंडी,
तुळईवर कुण्या परदेशी कारखान्याचं नाव
उठावाच्या अक्षरांत ओतलेलं.
आम्ही पोरं त्यावर कागद धरून कोळसा घासायचो.
नाव कागदावर उतरायचं,
वाचता कुणालाच यायचं नाही.

बाप माझा चावीवाला. उकंडा भगत.
रोज सहा मैल जाणं, सहा मैल येणं,
अडीच फुटी रुळांच्या मधून
बोल्टांवर हातोडा मारत.
'कसला अशीन त बोलते,
ढिला अशीन त खोकलते.'
घरी आईनं हाक मारली
तर दुसऱ्यांदा मारावी लागायची.

अक्षर त्याला येत नव्हतं, आकडे येत.
पुलांचे नंबर तोच रंगवायचा,
आणि त्याचा नऊ एका अंगाला कलायचा
कडेवर घागर घेतलेल्या बाईसारखा.

पोळ्याच्या आदल्या रात्री अडाण चढली.
गाडी मूर्तिजापूरलाच थांबवलेली.
बापाला हुकूम: पुलावर बसायचं,
पाणी खांबावर कुठवर येतं ते पाहायचं,
उतरलं की तिथं लाल रेघ मारायची.
तो बसला.
दहाच्या सुमारास घरून पोरगा धावत आला:
आईच्या पोटात कळा.
सुईण पलीकडच्या काठाला.

गुंफाबाईला त्यानं पुलावरून आणलं.
एका हातात कंदील, एका हातात तिचं मनगट.
स्लीपरांमधून पाणी दिसत नव्हतं,
नुसतं ऐकू येत होतं.
'मले पाण्यात टाकतं काय रे, उकंड्या!'
हे ती पुढं बारशाबारशाला सांगायची,
पूल दरवेळी थोडा लांब करून.

मी तिसऱ्या प्रहरी झाले.
पाणीही तेव्हाच सर्वांत वर आलं असावं.
पाहायला कुणी नव्हतं.
पहाटे बाप परत गेला तर पाणी उतरणीला,
पाऊस चालूच, खांब सगळाच ओला.
दोरानं लोंबकळत
त्यानं अंदाजानं रेघ ओढली, साल घातलं.
साहेबानं आकडा वहीत घेतला.

दोन दिवसांनी,
रेघेच्या पुष्कळ वर,
तुळईच्या कोनात त्याला पऱ्हाटीचा जुडगा अडकलेला दिसला.
त्यानं तो हातानं काढला.
आईनं चुलीत घातला.
मला हे सांगितलं शेवटच्या वर्षी, उसाचा रस पिताना,
जसं कुणी उधारी सांगावी.

आता गाडी नाही. रुळांत तरोटा.
मागच्या आठवड्यात मोजणीला एक पोरगी आली,
डोक्यावर पिवळी टोपी, हातात पाटीएवढा पडदा.
नवा पूल होणार म्हणे, मोठ्या गाडीचा.
तिनं लाल रेघेचा फोटो काढला.
'मावशी, हीच ना सगळ्यात वरची?'

मी बकऱ्यांकडे पाहिलं.
मग म्हटलं, दोन हात वर धर.
आणि माझ्या हातांनी नको,
बापाचे लांब होते, आणखी चार बोटं घाल.
'पुरावा?'
माझी जन्मतारीख, म्हटलं.
ती हसली. मी हसले नाही.
मग तिनं काहीतरी लिहिलं;
उन्हात पडदा चमकत होता,
काय लिहिलं ते दिसलं नाही.

ती गेल्यावर पुलावर पालथी पडले,
या वयात,
आणि हात खाली सोडला.
बोटांना तो कोन लागला.
रिकामा.
हात वर घेतला तर बोटं लाल,
गंजानं.
पदराला पुसली नाहीत.
बकऱ्या तोवर सव्वीस नंबरपर्यंत गेल्या होत्या.